बोलायच्या बाई

कुमुदबाई सबनीस यांच्याइतकं उतावळं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. चहा निवेपर्यंत त्यांना दम निघत नसे. पहिल्या घोटाला जीभ भाजायची आणि मग त्या चहावाल्यावर चिडायच्या. शाईचं पेन दोनदा झटकून उमटलं नाही की टेबलावर आपटायच्या. त्यांच्याकडच्या सगळ्या पेनांच्या निबा वाकड्या होत्या. सकाळच्या गाडीने त्या पुण्याहून यायच्या आणि गाडी चिंचवड स्टेशनात पुरती थांबायच्या आत खाली उतरायच्या. त्यापायी एकदा पडून गुडघा फोडून घेतला, तरी सवय गेली नाही. रस्त्याने चालताना बरोबरच्या माणसाच्या चार पावलं पुढे असायच्या आणि मागे वळून वळून बोलायच्या.

आणि याच बाई कारखान्यातल्या आपल्या खोलीत, समोरच्या माणसाने तोंड उघडावं म्हणून पाऊण पाऊण तास एक शब्द न बोलता बसून राहायच्या. हे कसं जमतं, असं मी त्यांना एकदा विचारलं.

"कमल," त्या म्हणाल्या, "माझ्यात जेवढा धीर आहे तेवढा तिथे खर्च होतो. बाहेरच्यांसाठी काही उरत नाही."

ही गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. चिंचवड स्टेशनच्या पलीकडे तेव्हा नुकते कारखाने उभे राहायला लागले होते. आमचा कारखाना औषधाच्या बाटल्या करायचा. भट्टीवर पुरुष, आणि तयार बाटल्या उजेडासमोर धरून त्यातली चीर, बुडबुडा शोधायला बायका. मी कारखान्याच्या दवाखान्यात कार्डं लिहायची. वय तिशीचं, दोन मुलं घरी सासूबाईंपाशी ठेवून यायची. कामगार आला की त्याचं कार्ड काढायचं, डॉक्टर बर्वे सांगतील ते त्यावर लिहायचं, एवढं माझं काम.

कुमुदबाईंना कारखान्याने बोलावलं ते वेगळ्याच कामासाठी. त्या मानसशास्त्र शिकून आल्या होत्या, आणि नव्या माणसांच्या हाताची चपळाई तपासायला मॅनेजरसाहेबांना कुणीतरी हवं होतं. भोकं पाडलेली एक फळी, त्यात बसवायच्या लाकडी खुंट्या आणि एक घड्याळ. कोण किती वेळात खुंट्या बसवतो ते बघायचं आणि त्याला कुठल्या कामाला लावावं ते सांगायचं. आठवड्यातून तीन दिवस यायचं. दवाखान्याच्या शेजारची अर्ध्या फळकुटांची खोली त्यांना मिळाली आणि पहिल्याच दिवशी त्यांचं लेबर ऑफिसर चित्रेसाहेबांशी वाजलं.

"मला दार पाहिजे," कुमुदबाई म्हणाल्या.

"दार आहे की," चित्रेसाहेबांनी फळकुटाकडे बोट दाखवलं.

"हे कमरेएवढं आहे. मला वरपर्यंत पाहिजे. बंद होणारं."

"खुंट्या बसवायला बंद दार कशाला लागतं?"

"कुणी बघत असलं की हात थरथरतात. तुम्ही बसवून दाखवा, मी आणि कमलताई बघतो."

चित्रेसाहेब तसे हुशार गृहस्थ. त्यांनी खुंट्या बसवल्या नाहीत. आठ दिवसांत सुतार येऊन फळकुटं वरपर्यंत चढवून दार लावून गेला.

त्या दाराबाहेर माझं टेबल. दुपारी खुंट्यांची माणसं संपली की कुमुदबाई माझ्यापाशी येऊन बसायच्या आणि नुसतं बसून राहवायचं नाही म्हणून माझी कार्डं चाळायच्या. एके दिवशी दहाबारा कार्डं त्यांनी बाजूला काढली. पोटात गोळा येतो. छातीत धडधडतं. डोकं जड. झोप नाही. प्रत्येकावर डॉक्टर बर्व्यांनी सांगितल्याप्रमाणे मी लिहिलेलं होतं: तपासणी केली, काही नाही.

"या 'काही नाही'वाल्यांचं पुढे काय होतं हो?" त्यांनी विचारलं.

"परत येतात," मी म्हणाले.

"मग त्यांना माझ्याकडे पाठवा."

डॉक्टर बर्व्यांना विचारलं तर ते सुटल्यासारखे म्हणाले, "अवश्य न्या. मी मिक्श्चर देऊन देऊन थकलो." अशी ती सुरुवात झाली. मानसोपचार हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणी ऐकलेला नव्हता. डोक्याचा दवाखाना म्हटलं की लोकांना येरवडा आठवायचं आणि त्याचं नाव काढलं की माणूस दुसऱ्या दिवसापासून कामावर येईनासा व्हायचा. म्हणून कार्डावर काय लिहावं, हा मला प्रश्न पडला. कुमुदबाई म्हणाल्या, "लिहा, बोलायला आला." तेच नाव पडलं. भट्टीवरची माणसं त्यांना 'बोलायच्या बाई' म्हणायला लागली. गंमत अशी, की आत जाऊन आलेला प्रत्येक जण सांगायचा, बाई तर काहीच बोलत नाहीत.

खोलीत दोन खुर्च्या होत्या. कारखान्याने दिलेली त्यांची खुर्ची जरा उंच होती, तर त्यांनी सुतार परत बोलावून तिचे पाय कापून घेतले. खुर्चीवर बसायला कुणी कचरलं, खाली टेकलं, तर त्याही खाली बसायच्या, नऊवारी सावरत, फोडून घेतलेला गुडघा चोळत. "मग?" हा त्यांचा ठरलेला शब्द. कुणी सल्ला मागितला की म्हणायच्या, "तुमच्या घरचं मला काय ठाऊक? तिथे तुम्ही राहता." आणि पंचेचाळीस मिनिटं झाली की उठायच्या. आतला माणूस रडत असला तरी उठायच्या. "आजची वेळ झाली. पुढच्या गुरुवारी इथून पुढे." मला हे फार कठोर वाटायचं आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

"वेळेला भिंत लागते," त्या म्हणाल्या. "भिंत असली म्हणजे माणूस आत निवांत बसतो. उघड्या माळावर कुणी आपलं बोचकं सोडतं का?"

आत काय बोललं जायचं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पुढे जे लिहिते आहे ते त्या त्या माणसांनीच मला नंतर सांगितलेलं आहे, आणि लिहायला कुणाची हरकत नव्हती. नावं मात्र मी बदलली आहेत.

ज्ञानोबा थेरगावचा. तिथली जुनी शेतकरी माणसं. भट्टीतून लोखंडी सळईवर वितळलेली काच उचलून साच्यात सोडायची, हे त्याचं काम. एके दिवशी सळई उचलताना त्याचा उजवा हात उघडला तो मिटेचना. काच जमिनीवर सांडली. नशिबाने कुणी भाजलं नाही. दुसऱ्या दिवशी हात चांगला आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच. डॉक्टरांनी टाचण्या टोचून बघितल्या, पुण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. हाताला काही नव्हतं. मुकादम म्हणाला, सोंग करतो. घरचे म्हणाले, कुणाची तरी करणी. देवऋष्याने त्याच्या मनगटाला काळा दोरा बांधला आणि त्यावर आणखी एक बांधला. पाच दोरे झाल्यावर तो कुमुदबाईंकडे आला.

पहिले तीन गुरुवार तो फक्त बैलांबद्दल बोलला. कुमुदबाईंनी बैलांबद्दलच विचारलं. कुठला उजवीकडे चालायचा, कुठला अडून बसायचा. चौथ्या वेळी ते बैल आता कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. तो मनगटावरचे दोरे चाचपत म्हणाला, "इकलं. जमीनच न्हाई तर बैलं ठिवून काय करायचं?"

थेरगावच्या त्या घराचा नदीच्या अलीकडे, स्टेशनच्या बाजूला एक मळा होता. कारखान्याला जागा लागली त्यात तो गेला. म्हातारा बाप कागदाला हात लावायला तयार नव्हता. घरात सही येणारा एकटा ज्ञानोबा. चुलते म्हणाले, न्हाईतरी जाणारच हाय, तू कर. त्याने केली. त्या दिवसापासून बाप त्याच्याशी बोलला नव्हता. दोन वर्षं झाली होती. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन. म्हातारा त्याच्या हातचं पाणीही घ्यायचा नाही. तांब्या त्याने ठेवला तर उचलायचा नाही, सुनेने ठेवला की उचलायचा.

"आन् आमची भट्टी बगा बाई," ज्ञानोबा म्हणाला, "ती आमच्या इहिरीच्या वरच हाय. हीर बुजवली तवा मी हितंच हुबा हुतो."

ज्ञानोबा आपल्या उजव्या हाताकडे बघत बसला. मग त्यानेच विचारलं, "ह्येच्यामुळंच म्हनायचं का ह्ये?"

"मला माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

"सही ह्याच हातानं केली."

हे मला सांगताना ज्ञानोबा हसला होता. म्हणाला, "ताई, मला वाटलं आता बाई म्हनतील, सापडलं, जा आता बरा झालास. तर बाई म्हनल्या, मग?"

हात काही लगेच बरा झाला नाही. पुढचे दोन महिने ज्ञानोबा येत राहिला. बापाला काय सांगायचं आहे ते त्या खोलीत तो पुन्हा पुन्हा बोलून बघायचा. कधी चिडून, कधी रडून. एकदा कुमुदबाईंनाच बाप समजून, खालमानेने. पहिल्यांदा जे बोलला त्यात नुसत्या सबबी होत्या. मी न्हाई केली तर चुलत्यानं केली असती. शेवटी शेवटी सबबी गळून गेल्या आणि दोनच वाक्यं उरली. "दादा, सही म्या केली. मला बी तो मळा दिसतो रोज."

एका रविवारी सकाळी त्याने ती ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला सांगितली. म्हातारा तंबाखू मळत राहिला. ज्ञानोबा समोर उभाच. दहा मिनिटं झाली असतील. मग म्हाताऱ्याने तंबाखू तोंडात न टाकता तशीच खाली झटकली आणि म्हणाला, "पानी आन."

हाताचं म्हणाल तर तो तेरा आणे बरा झाला, उरलेले तीन आणे राहिले ते राहिलेच. थंडीत अजून बधिर व्हायचा. ज्ञानोबाने आपणहून भट्टी सोडून साचे घासायचं काम मागून घेतलं. मुकादमाला वाटलं घाबरला. ज्ञानोबा म्हणाला, "भ्यालो न्हाई. इहिरीवर हुबं राहायचं न्हाई, एवढंच." तसं तो तोंडावर सांगू शकला, याचं कुमुदबाईंना हात बरा होण्यापेक्षा जास्त वाटलं. दुरुस्त करून परत जागेवर लावायला माणूस म्हणजे यंत्र थोडंच आहे, असं त्या डॉक्टर बर्व्यांना म्हणाल्या. ते मी ऐकलं.

त्यांच्या हातून चुका होत नसत असं नाही. एक तर मी दाराबाहेर बसलेली असतानाच झाली.

शांता बीडकडची. नवरा रेल्वेत गँगमन, चिंचवडच्या जुन्या गावात एक खोली घेऊन राहत होती. बाटल्या निवडणाऱ्या बायकांत तिचा हात सगळ्यांत चपळ. खुंट्यांच्या फळीवर तिने घेतलेला वेळ पुढे कुणाला गाठता आला नाही. तिला निवडणाऱ्या बायकांवर देखरेखीला नेमायचं ठरलं, तर ती नको म्हणाली. रात्री झोप लागत नाही, पोटात कालवतं, अशी तिची तक्रार म्हणून ती कुमुदबाईंकडे आधीच येत होती.

तो दिवस कुमुदबाईंचा वाईट होता. गाडी उशिरा आली होती, चष्मा घरी राहिला होता. शांता आत गेली आणि तेच ते सांगायला लागली. मला नाही जमायचं, लोक काय म्हणतील, मी कामून पुढं होऊ. कुमुदबाईंचा बाहेरचा उतावळेपणा त्या दिवशी दारातून आत गेला. त्या म्हणाल्या, "जमेल तुम्हाला. घ्या ते काम. उद्याच हो म्हणून सांगा."

शांताने हो म्हणून सांगितलं. सहाव्या दिवशी ती निवडायच्या टेबलापाशी चक्कर येऊन पडली आणि सातव्या दिवसापासून कामावर यायची बंद झाली.

मला वाटलं कुमुदबाई निरोप धाडतील. त्या स्वतःच निघाल्या. शांताचं घर मला माहीत होतं म्हणून मला बरोबर घेतलं. त्या दिवशी मात्र त्या माझ्या बरोबरीने चालत होत्या. शांता दारात गहू निवडत बसली होती. आम्हाला बघून गडबडली, पदर ओढून चटई शोधायला लागली. कुमुदबाई पायरीवरच बसल्या.

"शांताबाई, मी चुकले," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगत होतात ते मी ऐकलं नाही. मला घाई झाली होती."

शांता त्यांच्याकडे बघतच राहिली. तिने मला पुढे सांगितलं, की वयाने, शिक्षणाने मोठं असं कुणी आपल्यापाशी चुकलो म्हणतं, हे तिने जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी उठून कोपऱ्यावरच्या नळापाशी जाऊन उभी राहिले. त्या दोघी तास दीड तास बोलत होत्या. गव्हाचं सूप दोघींच्या मध्ये होतं आणि कुमुदबाई बोलता बोलता खडे काढत होत्या. त्यांचे निम्मे खडे म्हणजे चांगले गहूच होते, असं शांता नंतर म्हणाली.

शांता लहान असताना तिचा बाप आईला मारायचा, आणि मारायचा तो आईचा आवाज चढला की. आई ओरडली की शांता भावंडांना घेऊन कोठीत लपायची. तेव्हापासून आपला आवाज वर गेला की आता काहीतरी होणार, असं तिच्या पोटात व्हायचं. देखरेख करायची म्हणजे वीस बायकांच्या गलक्यात मोठ्याने बोलायला लागणार. काम तिला येत होतं. ओरडायची भीती होती. ती एवढंच सांगत होती आणि कुमुदबाईंनी ते ऐकलं नव्हतं.

शांता परत आली आणि वर्षभर दर मंगळवारी त्या खोलीत जात राहिली. त्या दारातून बाहेर कधी काही ऐकू यायचं नाही. कुजबुजही नाही. पण एका दुपारी मी कार्डं लावत असताना आतून मोठ्याने हाक आली, "ओ भाऊ, दोन चहा!"

मी दचकून उभी राहिले. अंगणातला चहावाला किटली घेऊन खोलीच्या खिडकीकडे वळला. पुन्हा हाक आली, पहिल्यापेक्षा मोठी. "दोन आणा, साखर कमी!" आणि मग आत हसणं. कुमुदबाईंचं गडगडाटी हसणं मी ओळखलं. दुसरं कुणाचं आहे हे कळायला मला क्षणभर लागलं, कारण शांताला हसताना मी तोवर ऐकलंच नव्हतं. त्यानंतर सहा महिन्यांनी ती निवडणाऱ्या बायकांची मुकादमीण झाली. तिच्या टेबलावर कुणी बाई दुसरीला टाकून बोलली, तर शांता मोठ्याने, सगळ्यांसमोर म्हणायची, "असं नाही बोलायचं इथं." पोटात कालवायचं अजूनही, ती म्हणायची, पण कालवतंय म्हणून थांबायला लागत नाही.

चार वर्षं असं चाललं. खुंट्यांची फळी धूळ खात पडली आणि खोलीबाहेरच्या बाकावर दर गुरुवारी सातआठ जण दिसू लागले. तोवर बाकावर बसण्याची लाजही उरली नव्हती. आणि मग कारखान्याला मंदीचा फटका बसला. काही माणसं कमी करायची असं वरून ठरलं. कुणाला काढायचं याची यादी करायचं काम चित्रेसाहेबांकडे आलं आणि ते एका दुपारी कुमुदबाईंकडे आले. दार उघडं होतं, म्हणून हे मी ऐकलं.

"बाई, तुमच्याकडे वह्या असतात ना? प्रत्येकाची एक?"

"असतात."

"त्या आठ दिवसांसाठी द्या. म्हणजे कुणाचं डोकं ठिकाणावर नाही, कुणाचा भरवसा नाही, ते कळेल. नाहीतरी माणसं काढायचीच आहेत. निदान चांगली राहतील."

कुमुदबाई चिडतील, पेन आपटतील, असं मला वाटलं. त्या अगदी हळू बोलल्या. त्या खोलीत बोलत तशा.

"साहेब, तुमच्या कारखान्यात डोकं ठिकाणावर नसलेले लोक माझ्याकडे येत नाहीत. आपलं काहीतरी दुखतंय हे ज्यांना कळलं, तेच येतात. तुम्ही या वह्या बघून माणसं काढलीत तर सगळ्यांत शहाणी काढाल."

"ते मॅनेजरसाहेबांना सांगा. वह्या कारखान्याच्या आहेत."

"वह्या मी माझ्या पैशांनी आणल्या. आतलं मात्र माझंही नाही."

चित्रेसाहेबांनी समजावून बघितलं. ते वाईट नव्हते. त्यांच्यावरही कुणीतरी बसलेलं होतं. शेवटी म्हणाले, "मग तुमचं पुढच्या वर्षाचं काही सांगता येणार नाही." कुमुदबाई म्हणाल्या, "ते मला कळलं."

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत त्यांनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. वह्या पिशवीत घालून त्या घरी नेऊ शकल्या असत्या. त्यांनी एकेकाला बोलावलं, त्याची वही त्याच्यासमोर ठेवली आणि विचारलं, "हे तुमचं आहे. तुम्ही नेता, जाळू या, की मी सांभाळू?" ज्ञानोबा म्हणाला, "तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. लागली तर मागंन." एक फिटर तिथल्या तिथे वही घेऊन गेला आणि संध्याकाळी भट्टीत टाकून आला. एकाने अर्धी फाडून दिली आणि अर्धी नेली; कुठली अर्धी ते त्याने कधी सांगितलं नाही. शांताला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "मला वाचून दाखवा, मग सांगते."

कुमुदबाईंनी दोन बैठकांत सगळी वही तिला वाचून दाखवली. शांता ऐकत होती. मध्येच एका जागी म्हणाली, "थांबा. हे असं नव्हतं. मी आईला भ्याले असं तुम्ही लिहिलंय. आईला नाही भ्याले. आईसाठी भ्याले." कुमुदबाईंनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि तिथे दुरुस्ती केली. मग शांताने वही पदराखाली घेतली आणि घरी नेली.

नवीन वर्षाला कुमुदबाईंना पत्र मिळालं, आपली गरज उरलेली नाही. चहावाल्यापासून फोरमनपर्यंत बरीच माणसं त्यांना स्टेशनावर पोचवायला आली. भाषण कुणी केलं नाही. गाडी यायला वीस मिनिटं उशीर झाला आणि कुमुदबाई फलाटावर येरझारा घालत रेल्वेला बोल लावत राहिल्या. खोलीत पुढे रिकाम्या खोक्यांचं गोदाम झालं. बाकावर बसणाऱ्यांपैकी काही जण रविवारी पुण्याला त्यांच्या घरी जायचे. ज्ञानोबाने तर वेगळंच काढलं. साचे घासणाऱ्यांत कुणी पोरगा गप्प गप्प राहायला लागला की जेवणाच्या सुट्टीत तो त्याला बाजूला घेऊन बसायचा. "मी काय शिकलेला न्हाई," तो मला म्हणाला, "पर गप बसाया शिकलो, बाईंकडनं." 

त्यानंतर कुमुदबाईंची आणि माझी भेट दोनतीनदाच झाली. शेवटची झाली ती पुणे स्टेशनवर. मी भावाला पोचवायला गेले होते. त्या मुंबईच्या गाडीत खिडकीशी बसलेल्या दिसल्या. केस पुष्कळ पिकले होते. मी खिडकीपाशी गेले.

"कमल! बरी आहेस? सासूबाई?"

मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "मुंबईला कुणाकडे?"

"माझ्या डॉक्टरांकडे."

माझा चेहरा उतरलेला त्यांनी पाहिला असावा. "अगं, तब्येत ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "बोलायला जाते. महिन्यातून दोनदा. चौदा वर्षं झाली."

चार वर्षं मी त्यांच्या दाराबाहेर बसले होते. आत जाणाऱ्या शेकडो माणसांची नावं मी कार्डावर लिहिली. पण दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसालाही कुठेतरी जायला लागत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"तुम्हालाही लागतं?" मी विचारलं.

"मला एक भाऊ होता," त्या म्हणाल्या. "माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. तो माझ्याशी बोलायला यायचा आणि मला तेव्हा अभ्यासाची घाई असायची. मग तो गेला. आपणहून गेला." खिडकीच्या गजावर हात ठेवून म्हणाल्या, "त्याच्याबद्दल पहिली सात वर्षं मी त्या डॉक्टरांना एक अक्षर सांगितलं नाही. बैलांबद्दल बोलत राहिले म्हण ना."

"आणि आता?"

"आता सांगते. दर वेळी थोडं वेगळं आठवतं. आधी मला फक्त तो शेवटचा महिना आठवायचा. परवा आठवलं, तो शिट्टी फार छान वाजवायचा. हे मी वीस वर्षं विसरले होते बघ."

गार्डाने हिरवं निशाण दाखवलं. गाडी हलली. मी बरोबर चार पावलं चालले. त्यांनी हात हलवला आणि लगेच तोंड दुसरीकडे वळवलं, समोरच्या रिकाम्या बाकाकडे. त्यांचे ओठ हलत होते. तिकडे गेल्यावर काय सांगायचं, याची जुळवाजुळव चालली असावी. कपाळाला आठी नव्हती, कसली घाई नव्हती. गाडी वळणावर जाईपर्यंत मी बघत होते. त्या तशाच मन लावून बोलत होत्या.